वीस गुंठ्यांचा ट्रॅक्टरधारक

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यातील मध्यमवर्गात पन्नाशीनंतर प्रकट होणारा जो शेतीप्रेमी पुरुष आहे, त्याची ओळख त्याने काय पिकवले यावरून पटत नाही, तर त्याने कोणता जुना ट्रॅक्टर घेतला यावरून पटते. 1948 च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. परंतु गावाकडच्या सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा कब्जा व पीकपाणी नोंदवणाऱ्या उताऱ्यावर, डझनभर चुलतभावांच्या खाली याचेही नाव असल्यामुळे, उभी हयात बँकेत काढलेला हा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने शेतकरीच ठरतो, आणि त्या आधारावर त्याने मुरबाड तालुक्यात वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर, घेतलेले असतात. एवढ्या जमिनीची चिखलणी, म्हणजे आवणीपूर्वी पाण्याने भरलेल्या खाचरातली माती कालवण्याचे काम, शेजारचा शेतकरी भाड्याच्या पॉवर टिलरने अर्ध्या दिवसात उरकून देतो. हा हिशेब त्याला ठाऊक असतो, तरीही त्याला ट्रॅक्टर हवा असतो, आणि तोही जुनाच, कारण नवा ट्रॅक्टर काय, कोणीही शेतकरी घेतो.

या ध्यासाची मशागत सकाळच्या जलद लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, होत असते. फरीदाबादला आयशरने 1959 मध्ये देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर काढला, 1963 मध्ये महिंद्रने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि त्यातून कांदिवलीच्या कारखान्यात बी-275 तयार झाला, पिंजोरच्या एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र आणले, तर 1974 मध्ये पंजाबात उतरलेल्या स्वराज 724 चा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत सिद्ध झाला होता, हा इतिहास तो मुंब्र्यापर्यंत संपवतो. लोकलमधल्या त्याच्या गटातील इतर कोणाकडेही कुंडीपलीकडे जमीन नसल्यामुळे चर्चा शुद्ध तात्त्विक पातळीवर राहते, आणि त्यातून स्वराजवादी व झेटरवादी असे दोन पक्ष पडतात. आपला गृहस्थ मात्र शेवटी बी-275 कडे झुकतो, कारण कांदिवली ही पश्चिम रेल्वेवर असली, तरी दादरला गाडी बदलून गाठता येते आणि त्यामुळे घरचीच वाटते.

खरेदीसाठी माळशेज घाट चढून जुन्नरकडे जावे लागते. ट्रॅक्टरचे वय किलोमीटरमध्ये नव्हे, तर इंजिन किती तास चालले यावर मोजतात, हे वाचून आलेला असल्याने तो प्रथम तास दाखवणारे मीटर पाहतो. ते बंद असते. जाणता गिऱ्हाईक आधी इंजिनाला हात लावून ते थंड आहे ना याची खात्री करतो, कारण झिजलेले इंजिन तापलेले असताना पहिल्या झटक्यात सुरू होते आणि गारठलेले असताना खरी प्रकृती सांगते; आपला गृहस्थही हात लावतो, तो पोळतो, आणि त्याचा अर्थ तो ‘यंत्र जिवंत आहे’ असा काढतो. निळसर धूर म्हणजे सिलिंडरमध्ये वंगण जळते आहे, हेही त्याने वाचलेले असते, पण सह्याद्रीच्या पार्श्वभूमीवर तो धूर त्याला शोभून दिसतो. विकणारा दोन वाक्ये बोलतो, ‘घरचाच आहे’ आणि ‘तुम्ही म्हणून देतो’; व्यवहार तेथेच संपतो.

मालकी बदलण्याचे नमुना 29 व 30 भरणे, तसेच कुठल्या तरी बँकेचा बोजा उतरवणे, यात उन्हाळा जातो, मात्र फॉर्म भरणे हे त्याचे खरे कुरण असल्याने तो या काळात विलक्षण सुखी असतो. 50 वर्षांवरील वाहनांना ‘व्हिंटेज’ नोंदणी देणारा 2021 चा नियम मोटारी आणि दुचाकी डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, हे त्याला पटत नाही. अशी वाहने नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर चालवू नयेत ही अट तर त्याच्या ट्रॅक्टरइतकी कसोशीने क्वचितच कोणी पाळली असेल.

पहिल्याच पावसात टाकीतले डिझेल संपते, नळीत हवा शिरते आणि ती पंपाजवळचा स्क्रू सैल करून बाहेर काढेपर्यंत इंजिन दाद देत नाही. हे काम अखेर शेजारचा शेतकरी करतो. अर्ध्या एकरात ट्रॅक्टर सुरू झाला की लगेच वळवावा लागतो, हे पाहून, आणि यंत्र बसून राहिले की बिघडते असे समजावून, तो ट्रॅक्टर स्वतःच्या पाच एकरांत नेतो व भाड्यापोटी दिवाळीनंतर तांदळाची एक गोणी देतो. मालक तो तांदूळ किलोकिलोच्या पिशव्यांत भरून ‘आपल्या ट्रॅक्टरचा’ म्हणून लोकलमध्ये वाटतो. स्वराजवादी निमूटपणे पिशवी घेतात. झेटरवादीही घेतात, पण पिंजोरच्या यंत्राने चिखलणी झाली असती तर दाणा अधिक लांब आला असता, असे मत ते दिवा स्टेशन येण्याच्या आत नोंदवून ठेवतात.