वाचकवाढीचा शास्त्रशुद्ध मार्ग

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे लोक निघाले सुमारे आठ कोटी तीस लाख. तुमच्या कालच्या फेसबुकवरच्या लेखाला आलेले लाइक बोटांवर मोजता येतात आणि त्यातलं एक बोट घरातलंच आहे. ही तफावत पाहून खचू नये. वाचक भरपूर आहे. तो सध्या दुसऱ्याच्या भिंतीवर टेकून बसला आहे इतकंच. त्याला तिथून उठवून आपल्याकडे आणणं हे एक शास्त्र आहे आणि होतकरूंच्या सोयीसाठी ते इथे मांडलं आहे. चांगलं कसं लिहावं, हा प्रश्न या मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.

आधी सुरुवातीचं बघू. फेसबुक लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दाखवतं आणि उरलेल्याला ‘आणखी पाहा’च्या कुलपात घालतं. मराठी लेखकाला मुळात प्रस्तावनेची खोड. ‘आज सकाळपासून पाऊस लागलाय, हातात वाफाळता चहा, मन उगाच भूतकाळात…’ इथवर येईतो कुलूप लागतं आणि वाचक शेजारच्या बारशाच्या फोटोंकडे निघून जातो. त्याऐवजी लिहावं, ‘काल रिक्षावाल्याने पैसे घ्यायला नकार दिला.’ वाचक पुण्याचा असेल तर तो जागीच थांबतो. यायला नकार देणारे रिक्षावाले त्याच्या रोजच्या ओळखीचे असतात, पैसे नाकारणारा त्याने ऐकलेलाही नसतो. पुढे हा रिक्षावाला तत्त्वज्ञानात एम. ए. निघावा. एम. ए.च्या खाली शिकलेला रिक्षावाला फेसबुकवर चालत नाही.

विषय सुचत नाहीत अशी नवशिक्यांची तक्रार असते. ती निराधार आहे, कारण विषय दोनच आहेत: आजी आणि मिसळ.

आजी सोपी. ती चौथीपर्यंत शिकलेली असावी, तिच्या घरात तांब्याचा बंब असावा आणि लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तिने एकच वाक्य बोलावं. ते नीटसं कळलं नाही तरी चालतं; वाचक तोवर डोळे पुसत असतात. तुमची स्वतःची आजी बँकेत अधिकारी होती आणि तिला स्वयंपाकाचा कंटाळा होता, ही माहिती कटाक्षाने गाळावी.

मिसळीला मात्र अभ्यास लागतो. ‘खरी मिसळ फक्त पुण्यात मिळते’ एवढं एक वाक्य रात्री टाकावं आणि झोपावं. पहाटेपर्यंत कोल्हापूर उठलेलं असतं. ‘मिसळीत पोहे? त्याला आमच्यात चिवडा म्हणत्यात’ ही पहिली कमेंट. तिच्याखाली त्याच गावच्या दुसऱ्याची पुरवणी, की पाव कशाला, ब्रेडच पायजे. नाशिककर काही न बोलता पापडासकट भरलेल्या ताटाचा फोटो टाकतो. नागपूरहून तर्रीचा उल्लेख होतो आणि ‘तुमच्या रश्श्याले आमी वरन म्हंतो’ असा निकालही येतो. मग पुण्याचेच दोघे, कोणत्या पेठेतली मिसळ खरी यावरून एकमेकांची शाळा काढतात. दुपारच्या सुमारास न्यू जर्सीहून एक ताई लिहितात, की इथे थंडीत मटकीला मोड येता येत नाहीत, म्हणून त्या भांडं ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावतात. सगळ्यात जास्त लाइक या दिव्याला मिळतात. अख्ख्या चर्चेत कामाची गोष्ट तेवढी एकच असते म्हणा.

या वादात लेखकाने स्वतः उतरू नये. फार तर संध्याकाळी ‘दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत’ असं लिहावं. त्याने दोन्ही बाजू चिडतात आणि वाद आणखी एक दिवस चालतो. हेच बी गणपतीत उकडीचे विरुद्ध तळणीचे आणि आषाढीला खिचडीत बटाटा असावा की नसावा, अशा वाणांत उपलब्ध आहे.

आता चुकीविषयी. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ पासून शासनमान्य आहेत आणि ते पाळणारे लोक तुमच्या यादीत नक्की आहेत. फक्त ते कधी बोलत नाहीत. त्यांना बोलतं करायचं तर मजकुरात एक चूक पेरावी. एकच. ‘आणी’ उत्तम. ‘कि’ही चालेल. दहा मिनिटांच्या आत एक निवृत्त शिक्षक येऊन लिहितात, ‘लेख छान, पण आणि ऱ्हस्व.’ त्यांच्या मागोमाग दुसरे येतात: ‘सर, शुद्धलेखन म्हणू नये, प्रमाणलेखन म्हणावं.’ सरांनी दोहोंतला एकही शब्द वापरलेला नसतो. तिसरे येतात ते बोलीभाषांवरच्या अन्यायाचा मुद्दा घेऊन, आणि त्यांच्या सहा ओळींत चार चुका असतात, त्या पाहून सर परत येतात. मजकूर कशाबद्दल होता हे एव्हाना कोणालाच आठवत नाही. तुमच्या लेखाभोवती माणसं गोळा झाली आहेत एवढं फेसबुकला दिसतं आणि ते आणखी चार जणांना हाताला धरून आणतं. चूक लगेच सुधारण्याचा मोह आवरावा.

प्रत्येक ‘अप्रतिम’ला, प्रत्येक ‘निःशब्द’ला आणि नुसत्या अंगठ्यालासुद्धा वेगवेगळं ‘मनःपूर्वक धन्यवाद’ द्यावं. एकत्रित आभार मानणं हे लग्नाच्या पत्रिकेत शोभतं. इथे प्रत्येक धन्यवाद ही एक कमेंट मोजली जाते.

वेळेचं थोडक्यात. पहाटेची वेळ ज्येष्ठांची, रात्रीची मालिका संपल्यानंतरची इतरांची. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जयंतीला, काहीही लिहिलं तरी वाचलं जातं. त्या दिवशी ‘राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’ द्याव्यात. तो राजभाषा दिन नसून मराठी भाषा गौरव दिन आहे, हे सांगायला येणाऱ्यांनीच अर्धा दिवस भरून निघतो.

लेख लांबला तर तोडावा आणि खाली ‘क्रमशः’ लिहावं. हे काही आपलं संशोधन नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ हप्त्याहप्त्याने छापली; वाचक पुढच्या अंकाची वाट बघत बसायचे. फरक इतकाच, की हरिभाऊंजवळ पुढे लिहायला काही तरी होतं. तुमच्याजवळ नसलं तरी बिघडत नाही. ‘पुढचा भाग लवकर टाका’ अशा कमेंटी साठत जाऊ द्याव्यात, मधूनच ‘प्रकृतीच्या कारणाने विलंब’ असं कळवावं. प्रकृतीची चौकशी करणारे वाचक हे कथेच्या वाचकांपेक्षा संख्येने नेहमी जास्त भरतात.

इथवर सगळं पाळलंत तर एक दिवस तुमचा लेख फेसबुकवरून उचलला जाईल आणि व्हॉट्सॲपवर जाईल. खरा वाचक तिथे आहे. पण तिथे जाताना एका गोष्टीची मनाची तयारी लागते, ती म्हणजे तुमचं नाव. लेखाखाली तुम्ही ‘नावासह शेअर करण्यास हरकत नाही’ असं लिहिलेलं असतं. उचलणाऱ्याचं बोट मजकूर निवडत खाली येतं आणि त्या ओळीच्या बरोबर वर थांबतं. यावर एक जुना तोडगा आहे: नाव मजकुरातच गुंफावं. म्हणजे आजीने नातवाला जेवायला हाक मारताना वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट मारावी. पण लोक वाचतात ते असं बारकाईने. दुसऱ्या दिवशी तिथे ‘बाळा’ झालेलं असतं.

मग लेख ‘लेखक अज्ञात, पण वाचाच’ या नावाने फिरतो. पुढे तो ‘एका डॉक्टरांचा अनुभव’ होतो. काही मुक्काम ओलांडले की त्याला मोठं नाव लागतं, आणि कोणतं लागावं याचे ठोकताळे ठरलेले आहेत. हसू येत असेल तर पु. ल. देशपांडे. नवरा-बायको असतील आणि शेवटी गलबलून येत असेल तर व. पु. काळे. कोणाला तरी खडसावलेलं असेल तर नाना पाटेकर. पु. ल. गेले २००० साली, व. पु. २००१ मध्ये, आणि व्हॉट्सॲप निघालं २००९ मध्ये. तरी मोबाइलपायी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली याबद्दलची दोघांची तळमळ अजून दर आठवड्याला नव्याने येते. पूर्वी टोपणनाव लेखकाला स्वतः शोधावं लागे. गडकऱ्यांनी तर दोन शोधली, कवितेसाठी गोविंदाग्रज आणि विनोदासाठी बाळकराम. आता ही जबाबदारी वाचकांनी आपल्याकडे घेतली आहे, आणि नाव ठेवताना ते हात आखडता घेत नाहीत.

लेख आपला आहे हे सिद्ध करायला जाऊ नये. तारखेसकट पुरावा दिलात तरी ‘पु. लं.चं वाङ्मय चोरता, लाज वाटत नाही?’ असं उत्तर येतं, आणि विचारणारे तुमच्याच सोसायटीतले असतात.

त्याऐवजी मजकुराच्या डोक्यावर बघावं. संदेश पुष्कळ हातांतून गेला की व्हॉट्सॲप त्यावर दोन बाणांची खूण उमटवतं. आठ कोटींतल्या बऱ्याच जणांपर्यंत तुम्ही पोचलात, हे सांगणारी एवढीच पावती मिळते; तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मात्र असा दोन बाणांचा संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. तेव्हा तो तुमच्याकडे परत येईल त्या दिवशी घाई करू नये. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवावा, म्हणजे बाण जातात आणि हवा तितक्या गटांत टाकता येतो. चिकटवताना वरचं ‘पु. ल. देशपांडे’ तेवढं शाबूत ठेवावं. तुमच्या नावाने तो फेसबुकवर आहेच.