चाच्यांचं सद्वर्तन

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या एका राइडमधले यांत्रिक समुद्री चाचे हळूहळू सन्मार्गाला लागत आहेत. 1967मध्ये ते रुजू झाले तेव्हा उघडउघड बायकांच्या मागे धावत असत. पुढे तक्रारी वाढल्या, तेव्हा 1997मध्ये कंपनीने त्या बायकांच्या हाती खाण्याची ताटं दिली. मग चाचे ताटांच्या मागे धावू लागले. धावणारे तेच, पळणाऱ्या त्याच, हेतू तेवढा शुद्ध झाला. आपल्याकडच्या खातेनिहाय चौकशीतही याहून फार वेगळं काही निघत नाही.

2018मध्ये बायकांचा लिलावही बंद झाला. त्या लिलावातली लाल केसांची बाई आता स्वतःच चाचेगिरी करते आणि लिलाव गावकऱ्यांच्या लुटलेल्या चीजवस्तूंचा होतो. म्हणजे प्रगती आहे. गाव जाळणं मात्र पूर्ववत चालू आहे, आणि नगराध्यक्षाला दोरीला बांधून विहिरीत बुचकळणंही. त्यावर कुणी हरकत घेतल्याचं दिसत नाही. नगराध्यक्ष या विषयावर पुराणमतवादी आणि पुरोगामी यांचं एकमत असावं.

‘जुन्या राइडला हात लावाल तर याद राखा’ म्हणणारा एक मोठा पंथ अमेरिकेत आहे. 1998मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या बागेतली ‘मिस्टर टोड’ची राइड बंद होणार म्हटल्यावर या मंडळींनी तिथे जाऊन निदर्शनं केली. निदर्शनांसाठीही तिकीट काढूनच आत जावं लागतं, त्यामुळे कंपनीची फारशी तक्रार नसावी. बेडूकराव गेलेच, त्यांच्या जागी पुढच्या वर्षी विनी द पूह आला.

‘स्प्लॅश माउंटन’च्या वेळी तर कहर झाला. ही ओंडक्यात बसून पाण्यात आदळायची राइड ‘साँग ऑफ द साउथ’ या 1946च्या चित्रपटावर बेतलेली होती. त्यातलं कृष्णवर्णीयांचं चित्रण इतकं अडचणीचं, की खुद्द डिस्नेने तो वर्षानुवर्षं कुलपात ठेवला आहे. चित्रपट दाखवायची लाज, पण त्याची राइड तीन दशकांहून अधिक काळ चालवायला हरकत नाही! 2023मध्ये ती अमेरिकेत अखेर बंद झाली, तेव्हा लोकांनी तिथलं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि काहींनी ते ईबेवर विकायला काढलं. गंगाजलाच्या धंद्यातली आपली मक्तेदारी त्या दिवशी संपली.

गंमत पुढेच आहे. या राइडमधल्या ज्या ‘मूळ’ प्राण्यांसाठी डिस्नेलँडमध्ये डोळे ओले झाले, त्यांतले बरेचसे मुळात तिच्यातले नव्हतेच. ‘अमेरिका सिंग्ज’ नावाचा कार्यक्रम 1988मध्ये बंद पडला, त्यातली यांत्रिक जनावरं उचलून इथे बसवली होती. वारसा म्हणून ज्याला कवटाळलं ते सेकंडहँड निघालं. आता त्याच घसरणीवर, त्याच पाण्यात राजकन्या टियानाची राइड चालते. आज तिच्यावर नाकं मुरडली जातात. आणखी तीस वर्षांनी तिच्याही बाटल्या भरल्या जातील.

भूतकाळाची अशी सतत दुरुस्ती चालू असताना तिथला भविष्यकाळ मात्र जागचा हलत नाही. 1955मध्ये उघडलेल्या ‘टुमॉरोलँड’ या विभागाने 1986 साल कसं असेल ते दाखवायचं ठरवलं होतं. 1986 येऊन गेलं. पुढे तिथली उंचावरून फिरणारी ‘पीपलमूव्हर’ 1995मध्ये थांबली. त्याच रुळांवर 1998मध्ये वेगवान ‘रॉकेट रॉड्स’ सोडले, ते अडीच वर्षंही टिकले नाहीत. रूळ तेवढे अधांतरी उरले. वाहतूक नसलेले खांब पाहायला पुणेकरांना एवढ्या लांब जायची गरज नाही, हा भाग वेगळा.

फ्लोरिडातलं ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ तर याचा कळसच. 1964च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी ते वॉल्ट डिस्नेने करवून घेतलं. यात रंगमंच जागेवर राहतो आणि प्रेक्षकांना खुर्च्यांसकट फिरवलं जातं. प्रगतीची इतकी प्रामाणिक व्याख्या अर्थखात्यालाही जमलेली नाही. त्यातलं शेवटचं आधुनिक दृश्य 1993-94च्या सुमारास लिहिलं गेलं आणि पुढची तीन दशकं जवळपास तसंच राहिलं. आवाज ऐकून चालणारी भट्टी खेळातले गुण तापमान समजते आणि टर्कीचा कोळसा करते. कुटुंब लेझर डिस्कचं कौतुक करतं. प्रेक्षकांत बसलेली नात आपल्या आजीला विचारते, लेझर डिस्क म्हणजे काय?

वॉल्ट स्वतः जुन्याचा पुजारी नव्हता. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. 1966मध्ये तो गेला. 2025मध्ये, बागेच्या सत्तराव्या वाढदिवशी, कंपनीने त्याचाच बोलणारा, हातवारे करणारा यांत्रिक पुतळा तिथे उभा केला. त्याच्या नातीने जाहीर विरोध केला, तरीही. आता या यंत्राचे सांधे कुरकुरू लागले, की कंपनी नवा, अधिक हसरा वॉल्ट आणेल, आणि दाराशी फलक झळकतील: ‘मूळ वॉल्ट वाचवा!’