परफॉर्मन्स टेस्टिंगची कार्यशाळा भरवू इच्छिणाऱ्या संयोजकांस काही उपयुक्त सूचना

एखाद्या संगणकप्रणालीवर सहस्रावधी काल्पनिक ग्राहक एकाच वेळी सोडून ती कोठे वाकते, कोठे मोडते आणि मोडण्यापूर्वी किती सेकंद कण्हते याची बिनचूक नोंद ठेवणे, हा ज्यांचा चरितार्थाचा व्यवसाय आहे, त्या मंडळींना अधूनमधून एकत्र बसून परस्परांच्या दुःखाची देवघेव करावीशी वाटावी, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु ही देवघेव घडवून आणण्याचा भार जे एक-दोन सज्जन स्वेच्छेने शिरावर घेतात, त्यांच्या वाकण्या-मोडण्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. ही उणीव दूर व्हावी, या एकमेव परोपकारी हेतूने पुढील कलमे सिद्ध केली आहेत.

या परंपरेचा मूळ दस्तऐवज पाहू गेल्यास 1997 साली जावे लागते. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील लॉस आल्टोस येथे केम केनर आणि ब्रायन लॉरेन्स या दोघांनी सॉफ्टवेअर-परीक्षकांची एक आटोपशीर बैठक सुरू केली. तिचा शिरस्ता असा, की व्याख्याने नकोत, उपदेश नकोत. प्रत्येकाने आपल्या हातून प्रत्यक्ष घडलेले काम सांगावे आणि उरलेल्यांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडावे. पुढे रॉस कोलार्ड प्रभृतींनी हाच शिरस्ता परफॉर्मन्स आणि रिलायबिलिटी या विषयांना लावून ‘वॉपर’ नावाची कार्यशाळा सुरू केली. आमच्या सूचना याच घराण्यातील कार्यशाळेस उद्देशून आहेत. जेथे तीनशे खुर्च्या, एक व्यासपीठ आणि हारतुरे असतात त्या समारंभास संमेलन म्हणतात, आणि त्यासाठी मार्गदर्शनाची नव्हे, मांडववाल्याची गरज असते.

कलम 1 : संख्येविषयी

संयोजकाचा पहिला शत्रू म्हणजे गर्दीचा मोह. वीस-पंचवीसांची मर्यादा ठरवून बसलेल्या सत्शील संयोजकाकडेही अर्ज चाळीस आले, की “एवढे आलेच आहेत, तर घेऊ” ही दुर्बुद्धी त्याच्या मनात अंकुरते. अशा प्रसंगी त्याने नील गुंथर यांच्या स्केलेबिलिटीच्या नियमाचे स्मरण करावे. कामकरी वाढवत गेल्यास काही काळ काम वाढते, मग एकमेकांसाठी थांबण्यात वाढ खुंटते, आणि त्यापुढे एकमेकांशी जुळवून घेण्याचा खर्च इतका होतो, की कामकरी वाढला म्हणजे काम कमी होते. चोवीस माणसांत मतभेद होऊ शकतील अशा जोड्या 276 असतात; दोनशे माणसांत त्या 19,900 होतात. दोनशे माणसांना आमंत्रणे धाडणाऱ्याने मतभेदांची एवढी तरतूद केली आहे काय, हे स्वतःस विचारावे.

निवडीचा निकष एकच ठेवावा : अर्जदाराने सांगण्याजोगे काही केले आहे काय. “निव्वळ शिकण्याच्या तळमळीने येऊ इच्छितो” असे लिहिणाऱ्याचा अर्ज अत्यंत गोड शब्दांत नामंजूर करावा. मात्र तो संयोजकाच्या वरिष्ठाचा भाचा असल्यास तळमळ हाही एक अनुभवच आहे, असा उदार अर्थ लावण्यास नियमांची हरकत नाही.

कलम 2 : अनुभवकथने मिळवण्याविषयी

येथेच संयोजकाच्या मुत्सद्देगिरीची खरी कसोटी लागते; कारण ज्यांच्याजवळ ऐकण्यासारखे असते त्यांना बोलण्याची मनाई असते, आणि ज्यांना बोलण्याची मुभा असते त्यांचे मुखपृष्ठ तीन सेकंदांऐवजी दोन पूर्णांक आठ सेकंदांत उघडू लागलेले असते, याहून अधिक काही घडलेले नसते.

प्रत्येक संयोजकाचे स्वप्न कोणते, तर अमेरिकेच्या ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या आरोग्यविम्याच्या संकेतस्थळाच्या जन्मकाळी तेथे हजर असलेला मनुष्य आपल्या यादीत यावा. 1 ऑक्टोबर 2013 रोजी ते संकेतस्थळ उघडले. पन्नास-साठ हजार माणसे एकाच वेळी येतील असा अंदाज होता, आली अडीच लाख. आणि पहिला दिवस मावळला तेव्हा ज्यांची विम्याची नोंदणी शेवटास गेली अशा भाग्यवंतांची संख्या सहा होती. काही शे काल्पनिक ग्राहकांच्या चाचणीतच ते संकेतस्थळ मान टाकत असल्याचे उद्घाटनापूर्वी काही दिवस दिसून आले होते, असेही नंतर प्रसिद्ध झाले. चाचणीचा निकाल हाती असूनही मुहूर्त का टळला नाही, हे सांगू शकणारा एक मनुष्य तीन दिवसांच्या कार्यशाळेस पुरून उरेल. पण असा मनुष्य लाभत नाही, आणि लाभलाच तर त्याच्या मागोमाग कायदेखात्याचा खलिता येतो.

त्या खलित्याला उत्तर म्हणून काही तडजोडी रूढ झाल्या आहेत. वक्ता आपल्या पेढीचा उल्लेख ‘एक मोठी बँक’ असा करतो आणि पडद्यावरील प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात त्या बँकेचे बोधचिन्ह राहू देतो. श्रोते ते पाहतात आणि न पाहिल्याचे सौजन्य दाखवतात. दुसरी तडजोड याहून प्रगत आहे. हिच्यात आलेख जसाच्या तसा दाखवण्यास परवानगी मिळते, केवळ उभ्या अक्षावरील आकडे पुसून टाकण्याचा हुकूम असतो. अशा वेळी काहीतरी केव्हातरी फार वाढले आणि मग कमी झाले, एवढे निःसंशय सिद्ध होते. संयोजकाने हेही स्वीकारावे. मात्र ज्या कथनात सर्व काही योजनेप्रमाणे पार पडले आहे, ते कितीही सुबक असले तरी स्वीकारू नये. असे कथन करणाऱ्याने एकतर चाचणी केलेली नसते किंवा तिचा निकाल वाचलेला नसतो.

कलम 3 : जागा, वायफाय आणि पेये

दालनाची पाहणी करण्यास संयोजक आदल्या दिवशी एकटाच जातो, रिकाम्या दालनात उभा राहून आपल्या फोनवर वायफायचा वेग मोजतो आणि समाधानाने मान डोलावतो. रिकाम्या सर्व्हरवर एक ग्राहक सोडून “प्रणाली सक्षम आहे” असा अहवाल देणाऱ्या उमेदवाराची जी संभावना हाच गृहस्थ आपल्या कचेरीत करतो, तिचे त्याला त्या क्षणी विस्मरण पडते. चोवीस परीक्षक म्हणजे फोन, लॅपटॉप आणि आणखी एखादे यंत्र धरून बहात्तर जोडण्या. त्यांपैकी निदान चार मंडळी वायफायची क्षमता किती, हे पाहण्याच्या शुद्ध शास्त्रीय जिज्ञासेने त्यावर स्वतःच भार टाकतात, हे गृहीत धरावे.

कॉफीचे गणित याहून गंभीर आहे. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, कॉफीचे पात्र एक, आणि प्याला भरून साखर ढवळण्यास माणशी अर्धे मिनिट, असे धरल्यास चोविसाव्या माणसाच्या हाती प्याला बाराव्या मिनिटास पडतो आणि पिण्यास तीन मिनिटे उरतात. संयोजक यजमान या नात्याने रांगेत पहिला असतो. त्यामुळे कॉफीची व्यवस्था तत्पर होती, अशी त्याची प्रामाणिक साक्ष असते. उपाय सोपा आहे : दोन पात्रे दोन भिंतींशी ठेवावीत, म्हणजे बाराची सहा मिनिटे होतात, आणि साखरेचे भांडे पात्रापासून दूर ठेवावे, म्हणजे विचारमग्न माणूस रांग अडवून ढवळत बसणार नाही. आपल्या पुण्यात, जेथे हिंजवडीच्या कचेऱ्यांतून अमेरिकेतील संकेतस्थळांवर भार टाकण्याचे काम चालते, तेथे ही कार्यशाळा भरल्यास कॉफीच्या जागी चहा वाचावा. गणित तेच राहते, तक्रारी मात्र अधिक अलंकारिक होतात.

कार्यक्रमपत्रिका आखतानाही संयोजकाने आपल्याच धंद्याचे शास्त्र विसरू नये. चाचणीची स्क्रिप्ट लिहिताना दोन विनंत्यांच्या मध्ये ग्राहकास वाचायला, विचार करायला काही सेकंदांचा अवकाश ठेवण्याची चाल आहे. जो परीक्षक यंत्रातील काल्पनिक माणसाला विचारासाठी आठ सेकंद देतो, तो समोरच्या सजीव माणसाला दोन कथनांच्या मध्ये एकही देत नाही, हे आश्चर्य आहे. तसेच, प्रणाली नुकती सुरू झाली असताना मिळणारे आकडे ती तापलेली नसल्यामुळे बाद धरावेत, असा सार्वत्रिक दंडक आहे. पहिल्या दिवसाच्या पहिल्या अर्ध्या तासासही तो लागू आहे; त्या अर्ध्या तासाचा सदुपयोग कलम 5 मध्ये सांगितला आहे.

कलम 4 : सभासंचालक आणि रंगीत पत्ते

चर्चा आटोक्यात ठेवण्यासाठी या घराण्यात पत्त्यांची पद्धत आहे. प्रत्येक सभासदास त्याचा क्रमांक घातलेले रंगीत पत्ते मिळतात. हिरवा वर केला, की नवा मुद्दा काढावयाचा आहे. पिवळा केला, की चालू मुद्द्यावरच बोलावयाचे आहे. आणि तांबडा केला, की एक क्षणही थांबणे शक्य नाही. संचालक क्रमांक टिपून ठेवतो, हिरव्यांना रांगेत बसवतो आणि पिवळे संपल्याशिवाय पुढचा हिरवा उघडत नाही. ही पद्धत निर्दोष आहे. दोष केवळ ती वापरणाऱ्या मनुष्यजातीत आहे.

हिरवा पत्ता उचलणाऱ्याजवळ बहुधा मुद्दा नसून स्वतःची हकीगत असते. पिवळा पत्ता उचलणारा “याच मुद्द्याला धरून” अशी सुरुवात करतो आणि दुसऱ्या वाक्यात तो मुद्दा सोडून देतो. तांबडा पत्ता खऱ्या आणीबाणीसाठी राखलेला असल्यामुळे सभ्य माणसे तो दालनास आग लागली तरी उचलत नाहीत, आणि इतर माणसे वक्त्याने ‘सरासरी’ हा शब्द उच्चारताच उचलतात. याशिवाय, कथन संपल्यावर प्रथम केवळ खुलाशाचे प्रश्न विचारावेत आणि मग वाद सुरू करावा, असा क्रम आहे. “आपणांस असे वाटत नाही काय, की आपण मुळातच चूक केलीत?” हा खुलाशाचा प्रश्न नव्हे, हे संचालकाने पहिल्याच सकाळी, एखाद्या निरपराध सभासदाचा बळी देऊन का होईना, प्रस्थापित करावे.

संचालकपदी नेमावयाचा मनुष्य विषयाचा जाणकार असावा, पण त्यास त्या विषयात मत नसावे. असा मनुष्य सापडत नसल्यामुळे ज्याचा घसा बसला आहे असा जाणकार नेमण्याचा प्रघात आम्ही सुचवू इच्छितो.

कलम 5 : पुरस्कर्त्यांविषयी

भोजनखर्च कोणी तरी द्यावा लागतो, आणि देणारा बहुधा चाचणीचे हत्यार विकणारा असतो. या व्यापारात धन्याचे नाव टिकाऊ नसते, हे ध्यानात ठेवावे. लोडरनर हे हत्यार मर्क्युरी इंटरॅक्टिव्हचे होते. 2006 साली ती पेढीच एचपीने विकत घेतली. पुढे ते मायक्रो फोकसकडे आणि तेथून ओपनटेक्स्टकडे गेले. परीक्षकाची स्क्रिप्ट मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच चालू राहिली. म्हणून पुरस्कर्त्याचा फलक कापडी करावा, दगडी करू नये. उलटपक्षी, जेमीटर हे हत्यार अपाची प्रतिष्ठानचे आणि विनामूल्य असल्यामुळे सर्वजण त्याची मनापासून स्तुती करतात, पण त्या स्तुतीतून कोणाचे जेवण निघत नाही.

पुरस्कर्त्याने “पाचच मिनिटे” मागितल्यास ती आनंदाने द्यावीत, आणि ज्याचे आकडे बाद धरावयाचे ठरले आहे, त्या पहिल्या अर्ध्या तासात द्यावीत. यात उभयपक्षी कृतज्ञता राहते.

कलम 6 : अभिप्रायांचा हिशेब

सरासरी ही फसवी असते, ग्राहकाचे हाल पाहावयाचे तर शेवटच्या पाच टक्क्यांकडे पाहावे, पंचाण्णवाव्या पर्सेंटाइलशिवाय अहवाल लिहू नये, असे तीन दिवस एकमेकांस बजावून झाल्यावर संयोजक तिसऱ्या दिवशी सायंकाळी अभिप्रायाची पत्रके वाटतो, गोळा करतो आणि रात्री सर्वांस कळवतो, की कार्यशाळेस सरासरी पाचपैकी 4.62 गुण मिळाले आहेत.

हे गुण कसे मिळाले, याची रुजवात घालून पाहावी. चोवीसांपैकी तिघे दुपारच्या जेवणानंतर कोणास न सांगता निघून गेले होते. उरलेल्या एकवीसांपैकी एकोणिसांनी पाच गुण दिले आणि दोघांनी एक. गिल टेनी यांनी भारचाचणीच्या हत्यारांतील एका खोडीवर बोट ठेवले आहे : प्रणाली तुंबली, की मोजणारे हत्यारही उत्तराची वाट पाहत थांबते, त्या अवधीत ज्या विनंत्या जावयास हव्या होत्या त्या पाठवतच नाही, आणि त्यामुळे सर्वांत वाईट प्रतीक्षा ज्यांनी भोगली असती त्यांची नोंदच होत नाही. अभिप्रायाचे पत्रकही हेच करते. जो कंटाळून गेला तो मोजला गेला नाही. त्या तिघांचाही एकेक गुण धरला, तर सरासरी 4.17 वर उतरते. तीही शोभिवंतच दिसते. परंतु चोवीसांतील पाच, म्हणजे पंचमांशाहून अधिक माणसे असंतुष्ट होती, हे ती शेवटपर्यंत कळू देत नाही. ज्या संकेतस्थळावर पाचातला एक ग्राहक हात झटकून निघून जातो, त्याच्या चालकांना हीच संयोजक मंडळी किती निष्ठुर अहवाल लिहून देतात, ते सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हा संयोजकाने सरासरी काढूच नये. एकोणीस पत्रके बांधून दफ्तरात टाकावीत, कारण त्यांत “उत्तम” आणि “फारच उत्तम” याखेरीज मजकूर नसतो. उरलेली दोन समोर ठेवावीत, आणि निघून गेलेल्या तिघांस नम्रपणे पत्र लिहून, ते नेमके कोणत्या कथनाच्या कितव्या मिनिटास उठले, हे विचारून घ्यावे. कार्यशाळेची क्षमता जेथे संपली ते स्थळ या पाच जणांखेरीज कोणालाच दिसलेले नाही.

कलम 7 : उत्तराधिकाऱ्याविषयी

पुढील खेपेचा संयोजक नेमताना आयोजनाचा उत्साह, अनुभव, वक्तृत्व इत्यादी गुणांकडे पाहण्याची प्रथा आहे. ती मोडून काढावी. त्या पाचांपैकी ज्याचे उत्तर सर्वांत लांब, सर्वांत तिखट आणि वेळ-मिनिटांच्या तपशिलाने भरलेले असेल, त्यासच कार्यशाळेचे दफ्तर, शिल्लक रक्कम, पत्त्यांचे गठ्ठे आणि पुरस्कर्त्याचा कापडी फलक पोच घेऊन स्वाधीन करावा. तो प्रथम नकार देईल. त्यास त्याचेच पत्र वाचून दाखवावे. यायोगे कार्यशाळेस एक असा संयोजक लाभतो ज्याने रांगेच्या टोकाला उभे राहून कॉफीची वाट पाहिली आहे, आणि तक्रारींची संख्या पहिल्याच वर्षी निदान एकाने कमी होते.