एमएच 12 साहेबांना अनावृत पत्र

माननीय एमएच 12 साहेब,



गेल्या गुरुवारी संध्याकाळी इंग्लंडातल्या एम-1 मोटरवेवर तुम्ही माझे आभार मानलेत. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम, दोनदा. कुणाच्या पुढे गाडी घातली की त्याचे असे आभार मानायचे ही इथली रीत. ती तुम्ही उचललीत याचं मराठी माणूस म्हणून मला कौतुक वाटायला हवं होतं. पण त्या क्षणी मी जरा गडबडीत होतो. लॉरीने माझ्याआधी स्वतःच ब्रेक दाबला होता, डॅशबोर्ड लाल होऊन किंचाळत होता, आणि ट्रेलरमधले बाटलीबंद पाण्याचे 26 पॅलेट पट्ट्यांना ताण देऊन पुढे यायचं बघत होते. तेव्हा पोच लेखी देतो.

मराठीत का लिहितोय ते सांगायला नको. तुमच्या मागच्या काचेवर कोपऱ्यात ‘एमएच 12’ होतं आणि मधोमध, स्वामींच्या चित्राखाली, ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’. मी ते वाचलं. मोटरवेवर पुढच्या गाडीवरचं इतकं बारीक अक्षर मला वाचता येता कामा नये, ही माझ्या पत्रातली पहिली तक्रार समजा. स्वामी तुमच्या पाठीशी असतीलच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वेळी स्वामींच्या आणि तुमच्या मध्ये मी होतो. माझ्यासकट जवळजवळ 44 टन, म्हणजे या देशातल्या रस्त्यावर लॉरीला नेहमीच्या नियमांत जेवढं वजन चालतं तेवढं सगळं.

तुमचा समज झाला की माझ्यापुढची जागा रिकामी आहे. साहजिक आहे. शंभरेक मीटर स्वच्छ डांबर, वर चिटपाखरू नाही, आणि मागे एक लॉरी आपली रेंगाळत येते आहे. कुणीतरी मुद्दाम राखून ठेवल्यासारखं. साहेब, राखून ठेवलीच होती. माझ्यासाठी. माझ्या लॉरीला 56 मैलांचं कुलूप आहे, म्हणजे ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. कोरड्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंद, ओल्या रस्त्यावर निदान त्याच्या दुप्पट. गुरुवारी पाऊस होता. चार गुणिले पंचवीस, गणित तुम्हीच करा, तुम्ही पुण्याचे.

मी या धंद्यात नवा आहे. आर्टिक, म्हणजे ट्रेलर जोडलेली लॉरी, चालवायचा, इथल्या भाषेत क्लास वनचा, परवाना हातात येऊन फार काळ झालेला नाही. ज्याने मला शिकवलं तो डर्बीकडचा मुरलेला ड्रायव्हर. गिअरबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, हल्ली गिअर लॉरीच बदलते. त्याची सगळी शिकवणी एका कृतीत होती. पुढचं वाहन जवळ येऊ लागलं की तो डॅशबोर्डवर हाताचा पंजा आडवा ठेवायचा आणि हळूहळू स्वतःकडे ओढायचा. की मी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. मध्ये गाडी घुसली, उचल पाय. अंतर पुन्हा तयार झालं आणि दुसरी घुसली, पुन्हा उचल. शिवी द्यायची असेल तर दे, पण पाय उचलून दे. तुमच्या वाट्याला कराडकडची आली, ती ऐकू गेली नसेल म्हणून इथे नोंदवतो. मजकूर छापण्याजोगा नाही.

मागे सरत राहिलो तर मी पोचणार कधी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. म्हणून एकदा हिशेब केला. कोरड्यात एक गाडी मध्ये आली की मी सुमारे दोन सेकंद मागे पडतो. अशा तीस गाड्या आल्या तर एक मिनिट. शिफ्टभरात तीन-चार मिनिटं गेली तरी गोदामाच्या फाटकावर तासभर उभं राहायचंच असतं. सचोटीने अंतर पाळण्याची किंमत एवढीच आहे, आणि ती मी मुकाट्याने भरतो. आता तुमची कमाई बघू. माझ्या मागून डावीकडे येण्याऐवजी तुम्ही माझ्या पुढून आलात. माझ्यापुढचं अंतर, माझी साडेसोळा मीटर लांबी, वर थोडं इकडेतिकडे. पाच-सात सेकंद झाले. या पाच-सात सेकंदांचं तुम्ही पुढे काय केलंत, हे कळलं तर बरं वाटेल.

आणि घाई ऐनवेळची होती असंही नाही. न्यूपोर्ट पॅग्नेलचा थांबा मागे पडला तेव्हा तुम्ही तिसऱ्या लेनमध्ये होता. 14 नंबरचं जंक्शन एक मैलावर, अशी पाटी आली. तुम्ही तिसऱ्याच लेनमध्ये. अर्ध्या मैलाची पाटी आली. तिसऱ्याच. मग तीन तिरप्या रेघांची छोटी निळी पाटी आली, म्हणजे तीनशे यार्ड. मग दोन रेघांची. आणि दोन रेघांची पाटी पाहिल्यावर तुम्हाला आठवलं की आपलं घर मिल्टन कीन्सला आहे. दोन लेन तिरप्या कापत तुम्ही माझ्या नाकासमोरून गेलात. लॉरीच्या नाकाखाली ड्रायव्हरला सरळ दिसत नाही असा पट्टा असतो, तेवढ्यासाठी पुढच्या काचेच्या वर एक वेगळा आरसा लावतात. त्या आरशात मला तुमच्या गाडीचं छप्पर दिसलं. हा आरसा यार्डातून निघताना समोर कुणी उभं आहे का ते बघायचा असतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं. ‘हार्श ब्रेकिंग’ नावाचा गुन्हा माझ्या नावावर पडला होता. जोरात ब्रेक लागला की यंत्र आपोआप तेवढा तुकडा कॅमेऱ्यातून ऑफिसला पाठवतं आणि ड्रायव्हरचे गुण कापतं. तुमच्या गुणांचं काय हे यंत्राला विचारता येत नाही, ते तुम्हाला ओळखत नाही. मी नवा, एजन्सीतून आलेला. बहुतेक ठिकाणी आधी दोन वर्षांचा अनुभव आहे का विचारतात आणि नसला तर विमा कंपनीचं नाव सांगून वाटेला लावतात. अशा माणसाची क्लिप चहाच्या कपावर बघितली जाते तेव्हा ती लांब वाटते. मॅनेजरने चित्र थांबवलं ते नेमकं तुमच्या मागच्या काचेवर. खोलीत ते अक्षर वाचता येणारा मी एकटाच होतो. ‘यापेक्षा आधी काय करता आलं असतं?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. प्रश्न वाईट नाही, फक्त चुकीच्या पत्त्यावर येतो.

कारण बघा, या शंभर मीटरवर आपण दोघं होतो, आणि सवयी शिकण्याची सक्ती एकट्या मला. माझी डॉक्टरकडून तपासणी. शंभर प्रश्नांची लेखी परीक्षा, 85 बरोबर यावे लागतात. पडद्यावर धोका ओळखायची परीक्षा. त्यावर प्रसंगाधारित प्रश्न, प्रत्यक्ष लॉरी चालवणं, मग माल बांधणं आणि लॉरी तपासणं दाखवायची वेगळी परीक्षा. एवढं झाल्यावरही दर पाच वर्षांनी 35 तास वर्गात बसायचं, नाहीतर लॉरी चालवायचं कार्ड गेलं. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं, आणि थांबलो की नाही ते टॅकोग्राफ लिहून ठेवतो. तुम्ही पुण्याचा परवाना घेऊन आलात, तो इथे बारा महिने चालला. मग पन्नासपैकी 43 उत्तरं बरोबर दिलीत, पडद्यावर धोके ओळखलेत, चाळीसेक मिनिटं परीक्षकाला शेजारी बसवून मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट फिरवलेत, झालं. मोटरवे त्या परीक्षेत नसतोच. जून 2018 पर्यंत तर शिकाऊ माणसाला मोटरवेवर पाऊल ठेवायचीही बंदी होती; आता शिक्षकाबरोबर जाता येतं, पण सक्ती नाही. म्हणजे ज्या रस्त्यावर तुम्ही 70 मैलांनी लेन कापता, त्यावर तुम्हाला चालवता येतं का हे या सरकारने एकदाही पाहिलेलं नाही. आणि तुम्ही सत्तरीचे होईपर्यंत पुन्हा कुणी विचारणारही नाही. वर 2022 पासून हायवे कोड सांगतो की ज्याच्या वाहनाने जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. मान्य. तुमच्या जिवाची काळजी तुमच्यापेक्षा मी जास्त करायची. करतो. पण त्यासाठी लागणारी जागा तरी माझ्याकडे राहू द्या.

बाकी गाऱ्हाणी बरीच आहेत. कारसाठी बनलेला सॅटनॅव्ह, जो मला भरवशाने हिंकलीजवळच्या ए-5 वरच्या बुटक्या रेल्वे पुलाखाली धाडायला निघतो, ज्या पुलाला ठोकायची लॉऱ्यांची जुनी परंपरा आहे. ड्रायव्हरला स्वच्छतागृह नाकारणारी गोदामं. लॉरीच्या जागेत कॅराव्हॅन लावून सँडविच खाणारी कुटुंबं. ती पत्रं पुन्हा कधीतरी.

आता जे लिहितो ते चेष्टेने लिहिता येत नाही.

26 ऑगस्ट 2017 च्या पहाटे तीनच्या सुमाराला याच पट्ट्यात, 15 आणि 14 जंक्शनच्या दरम्यान, नॉटिंगहॅमहून लंडनकडे निघालेली एक मिनीबस होती. आतली माणसं आपल्याकडची, काही तर भारतातून पाहुणी आलेली. डाव्या लेनमध्ये एक लॉरी उभी होती, तिचा ड्रायव्हर प्यायलेला होता. मिनीबस तिच्यामागे अडकली. मागून दुसरी लॉरी आली, क्रूझ कंट्रोलवर, ड्रायव्हर हँड्स-फ्री फोनवर बोलण्यात गुंग. आठ माणसं गेली. दोन्ही ड्रायव्हर तुरुंगात गेले. चूक लॉऱ्यांची होती, पूर्णपणे, मिनीबसवाल्याची नव्हती. म्हणूनच सांगतो. पुढे बघत राहणं आणि अंतर राखणं ही माझी हौस किंवा गोऱ्यांची शिस्त नाही. या लॉरीत माझ्या हातात खरं म्हणजे तेवढंच आहे. ब्रेक दाबल्यावर मी फक्त वाट बघतो. आणि तुम्ही ते अंतर माझ्या हातातून काढून घेता, इंडिकेटर लुकलुकवता आणि निघून जाता! मागच्या सीटवर उंच खुर्चीत बसवलेलं पोर होतं, साहेब. लॉरीच्या केबिनमधून खालच्या गाडीतलं सगळं दिसतं. तुमच्या मांडीवरचा फोन दिसतो, पेटवलेला. पोराच्या डोक्यावर पिवळी टोपी होती. ते मागे वळून माझ्याकडे बघत होतं, त्याला लॉरी आवडली असावी. माझ्या बंपरपासून ते किती लांब होतं हे क्लिपमध्ये मोजता येतं. मी मोजलं नाही.

असो. रागाने माणूस वाहवत जातो.

तुम्हाला हे कुणी शिकवलं नाही, हे मला ठाऊक आहे. शिकवलं ते उलटं. सिंहगड रोडवर पुढच्या गाडीमागे चार हात जागा सोडून बघा, दोन स्कूटर आणि एक टेम्पो तिथे संसार मांडतील, आणि मागचा हॉर्न वाजवून विचारेल की झोप लागली का. तिथे मोकळी जागा सोडणारा माणूस बावळट. वीस वर्षं ज्याचं डोकं या हिशेबावर चाललं, त्याला एम-1 वर शंभर मीटर मोकळे दिसले तर हात आपोआप वळणारच. मीही त्याच हिशेबात वाढलो. फरक एवढाच की माझ्या शेजारी कुणीतरी बसलं आणि हात आडवा धरून धरून तो हिशेब माझ्या डोक्यातून काढला. तुमच्या शेजारी कुणी बसलंच नाही. आणि अवजड गाडी थांबत नाही हे पुणेकराला मी सांगायचं म्हणजे आगाऊपणाच. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री कात्रजकडून उतरलेल्या एका ट्रकने नवले पुलाजवळ एकापाठोपाठ कितीतरी गाड्या ठोकरल्या, ते तुमच्याच गावात. तिथला उतार तुम्ही जाणता, तिथे मागच्या ट्रकला वचकून असता. इथे रस्ता सपाट, लेन आखलेल्या, लॉरी धुतलेली, तेव्हा तीही थांबेल असं वाटत असावं. धुतलेली लॉरीही तेवढीच लांब जाऊन थांबते.

गणपतीत लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात आपण एका पंगतीत बसलो असू, तुम्ही मला वरणही वाढलं असेल. तेव्हा शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगावं तसं एक सांगतो. तुम्हाला डावीकडे उतरायचंय आणि शेजारून लॉरी चाललीय, तर एक मैलाची पाटी दिसताच इंडिकेटर द्या आणि वेग थोडा कमी करून मला पुढे जाऊ द्या. माझ्या मागेही लॉरी असली तर इंडिकेटर तसाच चालू ठेवा. मागचा सरून जागा करून देईल, ते आम्हाला शिकवलेलं असतं. फोन मांडीवरून काढून डिकीत टाका. आणि कधी नाहीच जमलं, दोन रेघांची पाटी आली आणि तुम्ही अजून तिसऱ्या लेनमध्येच असाल, तर सरळ पुढे जा. मिल्टन कीन्सला 13 नंबरच्या जंक्शनवरूनही जाता येतं.

आपला,
एक नवा एचजीव्ही ड्रायव्हर, मूळ गाव कराड