चप्पलधारी

सिडनीतल्या बऱ्याच मराठी घरांत एक चप्पल अशी असते जी कधीच कुणाच्या पायात जात नाही. रबरी, सपाट तळाची, जोडीतली एकच. तिची जागा टीव्हीच्या मागे, नाहीतर फ्रिजच्या डोक्यावर. घरातली मुलं तिला हात लावत नाहीत आणि पाहुण्यांनी तिची चौकशी करायची नसते. तिचा मालक तो आमचा चप्पलधारी.

ही जमात ओळखायला सोपी. वय पस्तिशी-चाळिशीतलं, पेशा बहुधा सॉफ्टवेअरचा, स्वभाव एरवी शूर. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल दारात लटकून पकडलेला, आरटीओच्या खिडकीवर आवाज चढवून काम करून घेतलेला, सासऱ्यांशी राजकारणावर भांडून त्यांच्याच पंगतीला जेवायला बसणारा माणूस. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आल्याची ईमेल वाचून बायको देवापुढे साखर ठेवायला आत जाते, आणि हा जागच्या जागी फोनवर 'सिडनी विषारी कोळी' असं शोधायला लागतो. फोन काय, विचारलं ते दाखवतो. पहाटेपर्यंत फनेल-वेब, रेडबॅक आणि हंट्समन यांचं सगळं कुळ-मूळ याला पाठ. घरभाडं किती, मुलीला शाळा कुठली, या किरकोळ गोष्टी अजून बघायच्या राहिलेल्या असतात.

मग माझा फोन वाजतो. इथे जुनं होण्याचे काही तोटे आहेत, त्यातला हा एक. हवापाण्याची, नोकऱ्यांची, भाजीच्या भावाची चौकशी होते आणि मग आवाज एकदम खाली येतो.

"बाकी सगळं ठीक हो, पण ते... कोळ्यांचं काय?"

मी माझं ठरलेलं भाषण सुरू करतो. सिडनी फनेल-वेबच्या विषावर १९८१ पासून प्रतिविष आहे, आणि तेव्हापासून त्याच्या चाव्यानं एकही माणूस दगावलेला नाही.

"आणि त्याआधी?"

"त्याआधीच्या पन्नासेक वर्षांत १३ मृत्यूंची नोंद आहे."

"अगं," पलीकडे बायकोला हाक जाते, "हे म्हणतायत १३ माणसं मेली!"

त्याच्या हाती १३ लागतात, शून्य माझ्याकडेच राहतं. खरं तर हा गृहस्थ मूळचा कोकणातला. गावच्या घराच्या चिऱ्यांच्या भिंतीत विंचवांच्या पिढ्या नांदल्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून विंचूदंशावर उपाय शोधला, 'लॅन्सेट'मध्ये छापून आणला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या उपायाआधी त्या भागात विंचू चावलेली माणसं, विशेषतः पोरं, पटापट दगावत. सर्पदंशाचा हिशेब तर मांडायलाच नको: २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं त्यानं गेली असा अंदाज आहे. पण हे सांगितलं की चप्पलधारी हसतो. "ते हो, विंचू काय, गावाला असायचेच!" विषाचं त्याला काही नाही. ओळखीचं विष त्याला चालतं. त्याची हरकत आहे ती ओळखदेख नसताना चावणाऱ्यांना.

सामानाची बांधाबांध होते. आणि इथे ऑस्ट्रेलिया त्याला पहिला धक्का देते, तो असा की तो देश उलट याच्याच किड्यांना घाबरतो. धान्याच्या कोठारांचा सत्यानाश करणारा आपल्याकडचा खापरा भुंगेरा तिथे शिरू नये म्हणून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरे, मूग, जिरे, धने आणायला बंदी आहे. आईनं उन्हात वाळवून, बोरिक पावडर लावून ठेवलेलं कडधान्य डोंबिवलीतच राहतं. विमानात भरायला दिलेल्या कार्डावर, तुमच्या बुटांना माती लागली आहे का, इथपर्यंत प्रश्न असतात, आणि प्राण्यांच्या रकान्यात चक्क कीटकांचाही उल्लेख असतो. कीटक आणताय का? जगभर ज्यांच्या कोळ्यांची ख्याती, ते डोंबिवलीकराला हे विचारतात! चप्पलधारीच्या ओठांवर उत्तर येतं, पण गणवेशातल्या माणसाशी वाद घालायचा नाही हे संस्कार आड येतात. तो मुकाट्यानं 'नाही'वर खूण करतो.

पहिलं घर वेंटवर्थव्हिलला, तिसऱ्या मजल्यावर. मुद्दाम तिसऱ्या, कारण फनेल-वेब जमिनीत बीळ करून राहतो हे त्यानं वाचलेलं असतं. दाराखालच्या फटीत टॉवेल. खिडक्यांना जाळ्या असतातच, त्यांच्या कडांना याची चिकटपट्टी. फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली विषबाधा हेल्पलाइनचा नंबर, १३ ११ २६. प्रत्येक खोलीत एक क्रेप बँडेज. फनेल-वेब चावला तर हात किंवा पाय बोटांपासून वरपर्यंत करकचून गुंडाळायचा आणि हलवायचा नाही. रेडबॅक चावला तर मात्र बांधायचं नाही, बर्फ लावायचा. याची रविवारी सकाळी घरात रंगीत तालीम होते. एकदा बायकोचा उजवा हात खांद्यापर्यंत बांधलेला असताना गॅसवर कांदा जळला. त्यानंतर तालीम एकपात्री होते.

पहिल्याच आठवड्यात सिंकखाली झुरळ निघतं. चांगलं अंगठ्याएवढं, तांबूस, मिशा परजत. चप्पलधारी त्याच्याकडे बघतच राहतो. परक्या मुलखात पहिला ओळखीचा चेहरा! ती चप्पल त्या दिवशी प्रथम उठते, आणि काय तो आत्मविश्वास, काय तो नेम. संध्याकाळी डोंबिवलीला व्हिडिओ कॉल करून तो सांगतो, "अगदी आपल्यासारखंच आहे गं इथे सगळं."

हे सुख हंट्समन येईपर्यंत टिकतं.

हंट्समनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बदनामी त्याची सगळ्यात जास्त आणि गुन्हा सगळ्यात कमी. पाय पसरले तर पंधरा सेंटिमीटरपर्यंत भरतो. अंग चपटं, त्यामुळे कुठल्याही फटीतून आत येतो. जाळं विणत नाही, भिंतीवर नुसता बसतो आणि रात्री झुरळं खातो. माणसाला त्याच्यापासून खरा धोका असा नाही. धोका असतो तो त्याला बघून माणूस जे करतो त्याचा. गाडीच्या सन-व्हायझरमागे बसायची त्याला आवड आहे, आणि ऐन हायवेवर व्हायझर खाली ओढल्यावर तो मांडीत पडला तर ड्रायव्हर काय करेल याची कल्पना कुणीही करावी.

तर रात्री साडेअकराला छताच्या कोपऱ्यात तो दिसतो. चप्पलधारी चप्पल हातात घेतो आणि तिच्याकडे बघतो. मग कोळ्याकडे. मग पुन्हा चपलेकडे. चप्पल लहान पडते आहे.

कुटुंब पलंगावर चढतं. शेजारच्या म्हाताऱ्या ऑस्ट्रेलियन बाईंचं दार वाजवलं जातं. बाई गाऊनवरच येतात, आईस्क्रीमचा रिकामा डबा आणि एक जुनं भेटकार्ड घेऊन. स्टुलावर चढतात, डबा त्याच्यावर उपडा घालतात, कार्ड हळूच खालून सारतात आणि "चल रे बाळा" अशा अर्थाचं काहीतरी त्याला म्हणत जिन्यात नेऊन सोडतात. जिना चप्पलधारीच्या दारापासून चार पावलांवर. आभार मानावेत की आणखी दोन मजले खाली जायला सांगावं, हे त्याला ठरवता येत नाही.

दुसऱ्यांदा येतो तेव्हा बाई गावाला गेलेल्या असतात. नवराबायको पाळी लावून त्याच्यावर नजर ठेवतात. तीनच्या सुमाराला चप्पलधारीचा एक डोळा लागतो, आणि उघडतो तेव्हा भिंत मोकळी. इथे त्याला एक नवंच ज्ञान होतं: भिंतीवर दिसणारा हंट्समन परवडला, दिसेनासा झालेला परवडत नाही. पुढचे काही दिवस तो घरातल्या वस्तू उचलण्याआधी त्यांना नमस्कार केल्यासारखा वाकून खालून बघतो.

मुलीला यातलं काहीच नसतं. पाळणाघरात ती कोळ्यांची चित्रं काढते, आठही पाय बरोबर मोजून. 'पेपा पिग'मध्ये बाबा डुक्कर पेपाला सांगतात की कोळी काही करत नाहीत. तो भाग ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वाहिनीनं २०१२ मध्ये दाखवणं बंद केलं, कारण इथल्या मुलांना हा सल्ला देणं बरं नव्हे. चप्पलधारीनं ही बातमी जपून ठेवली आहे. कुणीही त्याला भित्रा म्हटलं की तो ती बाहेर काढतो. "मी नाही म्हणत, इथलं सरकार म्हणतं."

आता गंमत बघा. काही वर्षं जातात, नागरिकत्व मिळतं आणि घर घ्यायची वेळ येते. सिडनी फनेल-वेबला दमट, झाडीची, उंचावरची जागा लागते. शहराच्या उत्तरेला हॉर्न्सबीकडचा भाग त्याचं खास माहेर. आणि मराठी माणसाला लागते चांगली शाळा. ती नेमकी त्याच बाजूला. चप्पलधारी पंधरा दिवस नकाशा बघतो, कोळ्यांचा रंग एका थरात, शाळांचा दुसऱ्या. दोन्ही रंग एकमेकांवर अगदी तंतोतंत बसतात. मुलीच्या शाळेपुढे विषाचं काही चालत नाही. घर घेतलं जातं, मागे अंगण, अंगणात कढीपत्त्याची कुंडी आणि, आधीच्या मालकाची कृपा, पोहण्याचा तलाव.

आणि मग याच माणसाचे फोन वाजायला लागतात. नवे येणारे आता त्याला विचारतात. गणपतीच्या जेवणाला एखादा नवखा कुटुंबासकट समोर बसला की चप्पलधारी पुरणपोळी बाजूला सारतो. फनेल-वेबचं नराचं विष मादीपेक्षा जहाल. उन्हाळ्यात रात्री नर मादी शोधत भटकतात, तेव्हाच घरात येतात. त्या विषाचं कुत्र्यामांजरांना फारसं काही होत नाही. माणसाला आणि माकडाला होतं. "आणि जानेवारी २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी काय जाहीर केलं माहितीये? ज्याला आजवर एक प्रजाती समजत होते त्या निघाल्या तीन! न्यूकॅसलकडची सगळ्यात मोठी." नवखा घास गिळत नाही. चप्पलधारीच्या चेहऱ्यावर जे समाधान त्या वेळी पसरतं ते मी त्याच्या पगारवाढीच्या दिवशीही पाहिलेलं नाही. १९८१ सालच्या प्रतिविषाबद्दल तो सांगतो, नाही असं नाही, पण मठ्ठा घेताना.

भीती गेली का त्याची? छे. तिला फक्त मान मिळाला. डोंबिवलीत राहिला असता तर झुरळं मारणारा एक सामान्य माणूस म्हणून आयुष्य गेलं असतं. इथे तो अधिकारी व्यक्ती आहे.

त्याच अधिकाराची कसोटी गेल्या उन्हाळ्यात लागली. सकाळी तलावातला पाचोळा काढताना तळाशी काहीतरी काळं, चकचकीत दिसलं. बायको म्हणाली, मेलाय. चप्पलधारीनं तिला मागे ओढलं. फनेल-वेब पाण्यात पडला तरी अंगाभोवती हवेचा बुडबुडा धरून तासन्‌तास जिवंत राहतो, हे त्याला झोपेतही माहीत होतं. चप्पल घरातच राहिली. कारण गॉसफर्डजवळच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कला हेच कोळी जिवंत हवे असतात. तिथे काचेच्या बारीक नळीनं त्यांच्या दातांवरचं विष ओढून घेतात, आणि त्यावर सशांच्या मदतीनं प्रतिविष तयार होतं. लोकांनी पकडून आणून द्यावेत असं आवाहन पार्क करतं, आणि काही इस्पितळांत ते जमाही करून घेतात.

लांब दांड्याची जाळी. रुंद तोंडाची काचेची बरणी, झाकणाला भोकं, आत ओल्या कापसाचा बोळा. हातात भांडी घासायचे लांब गुलाबी हातमोजे. पाय थरथरत होते असं बायको सांगते. तो सांगतो की थंडी होती. डिसेंबरात. पण कोळी बरणीत गेला आणि बरणी गाडीत. पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. बायको-मुलीनं सोबत यायला ठाम नकार दिला. ताशी चाळीसच्या वर काटा न नेता, मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत तो इस्पितळात पोचला.

काउंटरवरच्या बाईंनी कुठे सापडला ते लिहून घेतलं, बरणी उजेडात धरून पाहिली आणि "वा, मोठा आहे हं," म्हणाल्या. चप्पलधारीची छाती फुगली. तो घुटमळला.

"पावती मिळेल?"

बाई हसल्या. त्यानं खुलासा केला की दोन डॉलरच्या वरच्या देणगीला करात सवलत असते, म्हणून विचारलं. बाई आणखी हसल्या. तो बाहेर आला, गाडीत बसला, सवयीनं व्हायझर खाली ओढून पाहिला, आणि बायकोला फोन लावला.

"दिला गं. मोठा आहे म्हणाल्या. याच्या विषावर माणसं वाचतील, कळतंय का तुला?"

"हो हो. बरणी आणलीस का?"

"बरणी?"

"अरे, आईनं लिंबाचं लोणचं दिलं होतं ती बरणी होती! तुला दुसरं काही मिळालं नाही?"

चप्पलधारीनं पुढच्या राउंडअबाउटला गाडी वळवली.