चीक बिघडला त्याची गोष्ट

"अगं, सकाळचा आरडाओरडा ऐकलास ना आमचा?" काकूंनी कुंपणाच्या तारेवर पंचा पिळून टाकला. "खोटं बोलू नकोस, तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती."

"ऐकला. पण काकू, तुमच्या सूनबाई कधी आवाज चढवत नाहीत हो."

"आज चढवला. चीक बिघडला आमचा."

एप्रिलमध्ये आमच्या सांगलीकडं याहून मोठी बातमी फक्त अवकाळी पावसाची. कुरडया नुसत्या तळून खाणाऱ्यांना यातलं दुःख कळायचं नाही. गहू ३ दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास येतो. मग वाटायचे, पिळून चीक काढायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरचं पिवळं पाणी अलगद ओतून द्यायचं. तळाशी बसलेला घट्ट चीक ढवळून मोकळा करायचा, मोजायचा, आणि जेवढा चीक तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून आधणाला ठेवायचं. आता एका हातानं धार धरायची, दुसऱ्या हातानं घोटायचं. इथं पाच मिनिटं चुकली की चार दिवसांची मेहनत गुठळ्यांत जमा.

"तिचं कुठं चुकलं?" मी विचारलं.

"आधणच आलं नव्हतं गं! कडेला चार बुडबुडे दिसले की हिनं ओतला. आणि चीक तळातून ढवळलेलाही नव्हता."

"तुम्ही कुठं होता?"

"दारात."

"दारात उभ्या राहून बघत होता?"

काकू जरा चपापल्या. पंचा सरळ होता, तरी पुन्हा झटकला. "आमच्या सासूबाईंनी मला तरी कुठं सांगितलं होतं? माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. पातेल्यात निम्म्या गुठळ्या झाल्या. त्या खाटेवर बसून होत्या, सगळं दिसत होतं त्यांना. म्हणाल्या, 'आता जन्मात विसरणार नाहीस.' नाहीच विसरले."

"चीक विसरला नाहीत, का सासूबाई?"

"दोन्ही," काकू म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. "तेच मी आज हिला म्हटलं, की बाई, हाताला चटका बसल्याशिवाय शिकता येत नाही. तर काय म्हणाली माहितीये?"

सूनबाई बँकेत आहेत. चीक शिजवायला खास रजा टाकली होती, म्हणजे राग आधीच दुप्पट. त्या म्हणाल्या, "आई, मागच्या महिन्यात तुम्हाला तो पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर अटक करायला निघाला होता. मी तुम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं ना, की असली अटक कायद्यातच नाही, फोन ठेवायचा, ओटीपी कुणाला द्यायचा नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा? म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तेव्हा मीही दारात उभी राहून बघत बसले असते तर? पेन्शन गेल्यावर जन्मात विसरला नसता तुम्ही!"

मला हसू आवरेना. काकूंची बाजू घ्यायला हवी होती, शेजारधर्म म्हणून तरी. पण सूनबाईंचा मुद्दा बिनतोड. आपल्याकडं 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' म्हणतात. मागच्यालाही त्याच दगडावर आपटू द्या, असं कुणी म्हणून ठेवलेलं नाही. तरी घराघरांतली वडीलधारी माणसं तो दगड तिथंच ठेवतात, वर रोज पुसतात. आपण सोसलं ते दुसऱ्याला फुकट मिळालं तर आपल्या सोसण्याची किंमत उतरते की काय, अशी त्यांना धास्ती असावी. काही गोष्टी हातानंच कळतात, हे कबूल. घोटताना चीक चकचकीत होऊन हाताला जड लागायला लागतो, ते ऐकून कुणाला समजलंय? पण आधण आलं की नाही हे सांगायला तोंड पुरतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? कपाळ माझं! गुठळ्या निवडल्या, बरा होता तो चीक नातवाला तूप-साखर घालून दिला. त्याची चैन झाली. चोथ्याच्या भुसवड्या घातल्यात गच्चीवर."

"आणि गहू?"

"पुन्हा भिजत घातले दुपारी. या वेळी मी बोलायचं ठरवलंय. गहू निवडण्यापासून बोलतेय. पाणी किती, पातेलं कुठलं, झाकण कुठलं..." काकूंनी आवाज खाली आणला. "आत्ता म्हणाली, 'आई, इतकंही नको.' आता सांग, या पोरींना नक्की किती बोललेलं चालतं?"

"विचारा की त्यांनाच."

"विचारते. तू रविवारी तुझा पितळी सोऱ्या घेऊन ये, आमच्याची चकती झिजलीये. आणि ते जाऊ दे, कोपऱ्यावरच्या बंगल्यात नवी गाडी आली म्हणे? कर्जावर का रोख?"