दारात येणारे सरकार

राज्यसंस्था तळागाळातल्या नागरिकाच्या दारापर्यंत पोहोचू शकत नाही, कारण तिच्याकडे मनुष्यबळ अपुरे असते, हा समज लोकप्रशासनाच्या चर्चेत इतका रुजलेला आहे की त्याला खोडून काढणारा भरभक्कम ऐतिहासिक पुरावा सहसा कोणी विचारात घेत नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, म्हणजे संपूर्ण जमातीलाच जन्मतः गुन्हेगार ठरवून तिच्या हालचालींवर पहारा बसवणारा कायदा, आणि 1911 च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात वाढलेल्या वसाहती अभ्यासल्या, तर तत्पर लोकसेवेचा आदर्श तेथे सापडतो. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या कुटुंबांची हजेरी घेतली जाई. कायद्याने नावे नोंदवण्याची आणि बोटांचे ठसे घेण्याचीही व्यवस्था केली होती. यांपैकी कशासाठीही लाभार्थ्याला अर्ज करावा लागला नाही, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवावा लागला नाही, की त्रुटीपूर्ततेसाठी खेटे घालावे लागले नाहीत.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या आणि त्यांच्याकडे जाण्याच्या जबाबदारीतून सरकारही विमुक्त झाले. त्यानंतर जाण्याची पाळी त्यांच्यावर आली. शिष्यवृत्ती असो वा आरक्षणातील जागा, तिच्यासाठी जातीचा दाखला लागतो. तो उपविभागीय अधिकारी, म्हणजे लोकांचे प्रांतसाहेब, देतात. आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदाराला त्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 हा मानीव दिनांक गाठावा लागतो, म्हणजेच त्या दिवशी किंवा त्यापूर्वी आपले कुटुंब महाराष्ट्रात वास्तव्यास होते हे कागदाने दाखवावे लागते. भटक्या जमातीने आपण भटके असल्याचे एका जागी टिकून राहिल्याच्या पुराव्याने सिद्ध करावे, आणि ज्याच्या आजोबांना शाळेची पायरी चढता आली नाही त्याने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडावा, अशी ही तर्कशुद्ध रचना आहे. आजोबांच्या ठशांची नोंद एखाद्या दप्तरात पडून असली, तरी ती शोधून काढणे हे अर्थातच नातवाचे काम असते.

तथापि सरकार आता घरी येतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मिळालेला दाखला खरा की खोटा हे तपासणाऱ्या जात पडताळणी समितीला दक्षता पथक असते, त्यात पोलीस अधिकारी असतो, आणि हे पथक अर्जदाराच्या गावी, घरी, शाळेत जाऊन चौकशी करते. अनुसूचित जमातींच्या बाबतीत तर कुलदैवत, लग्नविधी आणि मर्तिकाचे आचारही विचारते. खोट्या दाखल्यांनी खऱ्या हक्कदारांच्या जागा बळकावल्या गेल्या असल्याने ही तपासणी निराधार नाही. मात्र संशय घ्यायचा असला की सापडणारा गावाचा रस्ता दाखला द्यायचा असला की का सापडत नाही, याचा उलगडा कोणत्याही परिपत्रकात होत नाही. कागद नसलेल्या अर्जदाराच्या वस्तीवर जाऊन गृहचौकशी करण्याची वाट शासनाने मोकळी ठेवलेली आहे, आणि महसूल विभागाच्या महाराजस्व अभियानात शाळांमध्ये शिबिरे भरवून दाखले दिले गेले आहेत. म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांना हे जमते. मंडप, मंत्री आणि छायाचित्रकार यांची तारीख जुळली की ते विशेष जमते.

दरम्यान 2015 पासून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. त्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क असून, ती देण्यास बांधील असलेल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याने पुरेशा कारणाशिवाय कसूर केल्यास त्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याउलट लोकसेवकावर त्याच्या कर्तव्यात हल्ला वा बळाचा वापर करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 खाली, जे पूर्वी 353 होते, 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याला हल्ला किंवा बळ लागते. कार्यालयांतील फलकांना मात्र केवळ ‘शासकीय कामात अडथळा’ पुरतो, आणि काम कुठवर आले असे चढ्या आवाजात विचारणे हाही अडथळाच समजला जातो. काम न होणे हा शासकीय कामातील अडथळा आहे किंवा कसे, याविषयी फलक मौन बाळगतात.

सेवा नाकारली गेल्यास 30 दिवसांत प्रथम अपील, नंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तृतीय अपील, असा मार्ग उपलब्ध आहे. प्रत्येक टप्प्यावरील निर्णय अर्जदाराला कळवायचा असल्याने अर्जात कायमचा पत्ता लिहावा लागतो. पालावर राहणाऱ्या कुटुंबाने तो रकाना कोरा ठेवल्यास अर्ज त्रुटीत निघतो.